बीएमडब्ल्यू झेड४ (ई८५): टपाची मोटर बदलूनही पुन्हा बंद का पडते

लक्षण दर वेळी तेच. गाडी उभी, इंजिन चालू, बटण दाबलं. दोन्ही काचा थोड्या खाली येतात, पुढच्या काचेवरची टपाची कडी सुटते आणि गाडं तिथेच अडतं. टप जागचा हलत नाही. बटण सोडून पुन्हा दाबा, तेच. बरं, मोटर गेल्याच वर्षी बदललेली असते, पावतीही घरात असते. तरी एप्रिलमध्ये पहिलं धड ऊन पडलं की पुन्हा हेच. इथे इंग्लंडमध्ये स्वस्तात जुनी झेड४ घेतलेली आपली मराठी मंडळी बरीच आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाचा फोन याच कारणासाठी येतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

हे सगळं फक्त बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड४ बद्दल आहे, म्हणजे कंपनीच्या भाषेत ई८५. २००२ ते २००८ या काळात अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात बनलेली. कापडी टप, मागे काचेची खिडकी, उघडायला साधारण दहा सेकंद. नंतर आलेल्या ई८९ चा टप धातूचा आहे, त्याची यंत्रणा वेगळी. ई८५ मध्येही लहान इंजिनाच्या काही गाड्यांचा टप हातानेच उघडायचा असतो. तुमची तशी असेल तर मोटरच नाही, निम्मा लेख सोडून द्या. पाण्याच्या नळ्यांचा भाग मात्र वाचा.

मोटर चोर नाही

टप दुमडून सीटांच्या मागे ज्या खळग्यात बसतो, त्याच्या तळाशी डाव्या बाजूला हायड्रॉलिक पंप आणि त्याला जोडलेली विजेची मोटर आहे. डावी बाजू म्हणजे इथल्या गाड्यांत शेजारी बसणाऱ्याची बाजू. आता पावसाचं पाणी कसं जातं ते बघा. टपावरून ओघळलेलं पाणी दोन्ही कडांच्या पन्हाळीतून या खळग्याच्या कोपऱ्यांत येतं आणि तिथून नळीवाटे मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली सुटतं. म्हणजे पाणी आत येणं हा बिघाड नाहीच, गाडी बनवलीच तशी आहे. बिघाड होतो तो नळी तुंबल्यावर. गच्चीवरचं पाणी जायचं भोक पिंपळाच्या पानांनी बुजलं की खालच्या खोलीच्या भिंतीला ओल धरते, तसाच प्रकार. फरक इतकाच की इथे त्या खालच्या खोलीत नेमकी मोटर बसवलेली आहे.

शिवाय मोटरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्याभोवती फोमचं जाड आवरण आहे. एरवी चांगली कल्पना. पण खळग्यात एकदा पाणी साचलं की हा फोम ते पिऊन बसतो. वरचं पाणी हळूहळू ओसरतं, गालिचा कोरडा दिसतो, तुम्ही निर्धास्त होता आणि आत मोटर आठवडेच्या आठवडे ओल्या गोधडीत गुंडाळलेली राहते. बेअरिंग गंजतं, कार्बन ब्रश अडकतात, शेवटी मोटर फिरायची थांबते. हा सगळा कारभार हिवाळ्यात होतो, जेव्हा टप उघडायचा कुणाच्या मनातही नसतो. म्हणून ‘अचानक बंद पडला’ असं वाटतं. अचानक काही नसतं, ती नोव्हेंबरपासून कुजत असते.

गॅरेजमध्ये नवी मोटर त्याच जागी, त्याच फोममध्ये बसवून दिली आणि नळीकडे कुणी पाहिलंच नाही, तर पुढच्या पानगळीत तीही बुडणार. पुन्हा पुन्हा होणाऱ्या या बिघाडाचं मूळ एवढंच आहे. ही जागा ज्याने निवडली, तो इंजिनिअर झाडं नसलेल्या गावात राहत असावा, असं माझं मत आहे.

‘पण आमच्या मुंबईच्या मानाने इथे पाऊस तो काय पडतो?’ असं म्हणणारे भेटतात. खरं आहे. मुंबईत एकट्या जुलैत पडतो तेवढा पाऊस लंडनला अख्ख्या वर्षात पडत नाही. पण धो-धो पावसात नळी आपोआप धुऊन निघते. इथली रिपरिप बारीक गाळ हळूहळू आत नेते आणि तिथेच बसवते. त्यात ऑक्टोबरमधली पानं, बर्चच्या झाडाचं भुश्यासारखं बी, टपाच्या कापडावरून सुटलेलं शेवाळ. रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना हे जास्त भोगावं लागतं, आणि इथल्या बऱ्याच गल्ल्यांत दुसरी जागाच नसते.

मोटर मेली, की भलतंच काही?

पैसे खर्चण्याआधी घरच्या घरी बरंच कळतं. पहिली गोष्ट, डिकी उघडा. डिकीतल्या टपाच्या पेटीचा तळ वर-खाली होतो. टप बंद असताना तो वर घेतला की सामानाला थोडी जास्त जागा मिळते, २४० लिटरच्या जागी २६०. हा तळ खाली केलेला नसेल तर टप उघडायला नकार देतो, आणि तो बरोबरच आहे, बसणार कुठे? आमच्या एका मित्राने दोन शनिवार-रविवार फ्यूज काढून-घालून पाहिले, गाडीचा विद्युत आराखडा छापून घेतला. वहिनींनी डिकीतून भाजीच्या पिशव्या काढताना विचारलं, ‘अहो, हे फळकूट असं वर का अडकवलंय?’ फळकूट खाली गेलं, टप उघडला. आराखडा अजून त्यांच्या फ्रिजवर आहे.

बॅटरी अशक्त असेल तरीही टप रुसतो. तपासणी नेहमी इंजिन चालू ठेवूनच करा.

पुढची तपासणी कानाची. रेडिओ आणि पंखा बंद, शेजारच्या सीटमागे कान, दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. मोटर नेहमीसारखी गुणगुणते पण टप हलत नाही किंवा अर्ध्यावर जाऊन दमतो, तर मोटर ठीक आहे. तेल कमी झालंय, कुठेतरी गळतंय किंवा सिलिंडरचं सील गेलंय. गुणगुण नेहमीपेक्षा भसाडी, घरघरती असेल तर बेअरिंग गंजायला लागलंय. ही मोटर वाचवायची शेवटची संधी समजा. फक्त रिलेची, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या स्विचची, टिक-टिक आणि बाकी शांतता असेल, तर मोटरपर्यंत वीज जातेय पण ती फिरत नाही, किंवा वीज वाटेतच अडतेय. आणि टिकसुद्धा नाही, कडीही सुटत नाही, तर फ्यूज, बटण किंवा एखादा सेन्सर. तिथे कॉम्प्युटर लावून कोड वाचण्याला पर्याय नाही.

वीज पोचतेय का हे मल्टिमीटरने मिनिटात कळतं, एकदा मोटरच्या प्लगपर्यंत हात पोचला की. मोटरला दोन जाड वायरी आहेत. टप उघडताना आणि मिटताना त्यांतली धन-ऋण अदलाबदल होते, मोटर उलट फिरते. बटण दाबल्यावर तिथे बारा व्होल्टच्या आसपास दिसतात आणि मोटर गप्प आहे, तर निकाल लागला. वीज दिसत नसेल तर मोटर विकत घेऊ नका, रिले आणि वायरिंग बघा.

टप उघडा अडकला आणि आभाळ भरून आलं, तर तो हाताने मिटवता येतो. पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे. दोन माणसं, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, सावकाश. एकट्याने एका बाजूने ओढाल तर सांगाडा वाकेल, आणि तो खर्च मोटरपेक्षा मोठा.

नळी: खरं काम इथे आहे

हे काम वर्षातून दोनदा करा, पानगळ संपल्यावर डिसेंबरात आणि मार्चअखेरीस. टप अर्धा उघडून थांबवा. तो तसाच टांगून राहील यावर विश्वास ठेवू नका, दाब हळूहळू उतरतो आणि टप खाली येतो; घडीत उशी किंवा लाकडाचा ठोकळा टेकवा. मग दाराच्या मागच्या कोपऱ्यात टॉर्चचा उजेड टाकून खाली वाका. रबरी सीलच्या आतल्या अंगाला पन्हाळ संपते तिथे पाणी जायचं तोंड दिसेल. दिसेल म्हणजे दिसायला हवं. पहिल्या वेळी बहुधा तिथे काळी माती आणि तिच्यात उगवलेलं एखादं रोपटंच दिसतं.

वरचा गाळ आधी हाताने आणि बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने काढा. तो आत ढकलू नका. मग गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची जाड दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर धरून गोल करा आणि फिरवत-फिरवत हळूहळू आत सोडा. कपड्याच्या हँगरची तार मुळीच नको, नळीला भोक पडतं आणि मग पाणी गाडीखाली न जाता आतल्या गालिच्यात जातं. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह अनेकांना होतो. जोरात हवा मारली की नळी सांध्यातून निसटते, वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि पाणी नेमकं तिथेच साचतं जिथे नको. गॅरेजवाले सर्रास करतात, त्यांना सांगून थांबवा.

दोरी गेली म्हणजे झालं असं नाही. एक लिटर कोमट पाणी मापाच्या भांड्यातून बारीक धारेने ओता आणि दुसऱ्याला मागच्या चाकापुढे खाली बघायला सांगा. निरोगी नळीतून ओतल्याबरोबर धार पडायला लागते. दहा-पंधरा सेकंदांनी थेंब-थेंब येत असेल तर अजून अडथळा आहे. पहिलं पाणी चहासारखं तांबूस येतं, मग एखादा काळा गोळा फटकन पडतो आणि मग मोकळी धार. डावी-उजवी दोन्ही बाजू करा. उजवीकडे मोटर नसली तरी तिकडचं पाणी शेवटी गाडीतच येतं.

वरून काही केल्या होत नसेल तर खालून. मागचं चाक काढायचं, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकचा पुढचा भाग सोडवायचा, नळीचं टोक तिथे हाती लागतं. बहुतेक घट्ट बूच या शेवटच्या वितीतच असतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नका, स्टँड लावा.

एक लिटर ओतलं, खाली अर्धाच लिटर आला, तर बाकीचं कुठे गेलं? सीटच्या मागे गालिचा दाबून बघा. नळी फाटलेली किंवा निसटलेली आहे. अशा वेळी साफसफाई थांबवा, आधी नळी जोडा.

मोटरचं काय करायचं

तीन मार्ग. डीलरकडे नवी मोटर: पुस्तकी पद्धतीत अख्खा टप सांगाड्यासकट उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरी भागाइतकीच भारी पडते आणि बिल चार आकडी पौंडांत जातं. मला एका गॅरेजने तर मोटर न उघडताच ‘सगळी हायड्रॉलिक यंत्रणा बदला’ असा अंदाज दिला होता. वीज पोचते का एवढंही तपासलं नव्हतं. जुन्या गाडीवर तिच्या निम्म्या किमतीचं बिल करण्यात काही अर्थ नाही.

दुसरा मार्ग, जुनी मोटर दुरुस्त करणं. गंज फार खोल नसेल तर ती उघडून, साफ करून, ब्रश आणि बेअरिंग बदलून पुन्हा जिवंत होते. इथे हे काम करणारे छोटे कारागीर आहेत, पोस्टाने पाठवली तरी करून देतात. टप पूर्ण न उतरवताही मोटर निघते: टप अर्धा ठेवून, सीटमागची अस्तरं काढून. जागा चिंचोळी आहे, हाताची सालटी निघतात, पण जमतं. फोमचं आवरण बाहेर काढलं की बादलीवर पिळून बघा. पिळल्यावर पाणी निघालं तर कारणाबद्दल शंका उरणार नाही.

तिसरा मार्ग मला सर्वांत पटतो. मोटर आणि पंप दुरुस्त करून पुन्हा खळग्यात ठेवायचेच नाहीत, ते डिकीत आणून बसवायचे. हायड्रॉलिकच्या नळ्या वळवून आणायच्या, वायरिंग लांबवायचं. डिकीचा एक कोपरा जातो, मोटरचा आवाज थोडा जास्त येतो, आणि बुडण्याचा प्रश्न कायमचा मिटतो. शिवाय पुढे काही झालंच तर मोटर हाताशी. इथल्या ई८५ मध्ये हा बदल इतका रुळलाय की गाडी विकताना लोक तो मुद्दाम सांगतात. वायर लांबवताना मूळ वायरीइतकीच जाड घ्या. मोटर सुरू होताना करंट जास्त ओढते, बारीक वायर तापते. सांधे नीट सोल्डर किंवा क्रिम्प करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा, नुसती चिकटपट्टी नको. तेल गाडीच्या कागदपत्रांत सांगितलेलंच घाला. ब्रेक ऑईल किंवा दुसरं काही घातलं तर सील फुगतात आणि नवंच दुखणं सुरू होतं.

मोटर हलवली तरी नळ्या साफ करायच्याच. नाहीतर मोटर कोरडी आणि गालिचा कुबट, असं व्हायचं.

अजून गाडी घ्यायचीच असेल तर

हिवाळ्यात घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी उघड्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी, भाव नरम, आणि ओल लपवता येत नाही. मे महिन्यात उन्हात वाळवलेली, सुगंधी झाड टांगलेली गाडी बघायला गेलात तर काहीच कळणार नाही. गेल्यावर आधी दारं उघडून वास घ्या, इंजिन नंतर. शेजारच्या सीटमागे गालिच्यावर टिश्यू दाबून धरा. टप स्वतःच्या डोळ्यांसमोर दोनदा उघडून मिटवायला लावा. ‘थंडीत तो जरा कुरकुरतो’, ‘बॅटरी उतरलीय’ अशी उत्तरं आली तर मोटर गेली असं धरून भाव करा किंवा घरी या.

एमओटीचा, म्हणजे इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की फुकट दिसतो. मैलांचा आकडा आणि दर वर्षीच्या सूचना वाचून काढा. पण त्या तपासणीत टप उघडतो का हे कुणी बघत नाही, त्यामुळे स्वच्छ एमओटी या बाबतीत काहीच सांगत नाही. गाडीवर कर्ज बाकी आहे का, विमा कंपनीने ती कधी मोडीत काढली होती का, एवढं पैसे भरून तपासून घ्या. रस्ता कराचा एक खोचक मुद्दा: २३ मार्च २००६ किंवा त्यानंतर नोंदलेली आणि किलोमीटरला २२५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी वरच्या करपट्ट्यात जाते. तीच गाडी काही दिवस आधी नोंदलेली असेल तर कर बराच कमी. झेड४ एम, म्हणजे याच गाडीची सर्वांत ताकदवान आवृत्ती, घेणाऱ्याने नोंदणीची तारीख आधी बघावी, रंग मागाहून.

इंजिनांबद्दल थोडक्यात. २००६ पूर्वीचं सहा सिलिंडरचं एम५४ दणकट, पण त्याची कूलिंगची प्लास्टिकची टाकी आणि नळ्या वयाने तडकतात. २००६ नंतरच्या एन५२ ला पाण्याचा पंप विजेवर चालणारा आहे, तो जातो तेव्हा आगाऊ सूचना देईलच असं नाही. झेड४ एम सोडली तर स्टिअरिंग विजेवर चालणारं आहे आणि गरम दिवशी, लांब पल्ल्यानंतर सरळ रेषेत थोडं अडकल्यासारखं वाटतं, म्हणून चाचणी निदान अर्धा तास घ्या. मागच्या स्प्रिंगा तुटतात, ते एमओटीत दिसतंच. स्टेपनी नसते, आधीच्या मालकाने रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) टायर काढून साधे घातले असतील तर पंक्चरचं किट जवळ ठेवा.

‘परत जाताना पुण्याला घेऊन जाऊ’ हा बेत डोक्यात असेल तर तो सोडा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही. पुण्या-मुंबईत कुणाकडे दुसऱ्या कुठल्या कंपनीची उघड्या टपाची जुनी गाडी असेल, तर मोटरची जागा वेगळी असेल, पण जूनच्या आधी एक लिटर पाणी ओतून बघायची तपासणी तिलाही लागू आहे.

राहता राहिलं टपाचं कापड. जेट वॉश लांबूनच, शिवणीवर आणि कडांवर तर नकोच. वर्षातून एकदा मऊ ब्रशने कापडाच्या खास साबणाने धुवा, दोन दिवस पूर्ण वाळू द्या, मग पाणी झटकणारं द्रव्य लावा. शेवाळ हिरवं दिसायला लागलं की लगेच काढा, कारण तेच सुटून नळीत जातं. ओला टप दुमडून रात्रभर ठेवू नका. घडीच्या जागी कापड विरलं असेल आणि आतला धागा दिसत असेल तर धुण्या-पुसण्याने काही होणार नाही, नवं कापड चढवायला टाका. आणि टप तसाही उतरणारच आहे तर मोटर डिकीत हलवायचं काम त्याच वेळी करून घ्या, मजुरी एकदाच लागेल.